मशीनचं वय

मुलगा निर्व्यसनी होता, घरी बारा एकर बागायत होती, नोकरी नौदलात होती आणि पत्रिकाही जुळत होती. एवढं सगळं चांगलं निघाल्यावर बद्रीनाथांना शंका आली.

स्थळ आणलं होतं त्यांच्या साडूनं, काकासाहेबांनी. बद्रीनाथांचं हर्सूलजवळ गॅरेज होतं. कन्नडचा घाट चढणाऱ्या जीपगाड्या त्यांच्याकडे यायच्या. तीस वर्षं ते गाड्यांखाली झोपून होते आणि एक नियम पाळत आले होते. ब्रेकला हात लावला की गाडी पहिल्यांदा घाट उतरेल तेव्हा स्वतः ड्रायव्हरशेजारी बसायचं. गिऱ्हाईक त्यांना हसायचं, पण गाडी त्यांच्याकडेच आणायचं.

दीड वर्षापूर्वी त्यांची बायको सरूबाई गेली. छातीत दुखतंय म्हणाली. डॉक्टर म्हणाले, पित्त आहे, ठीक होईल. बद्रीनाथांनी ते ऐकलं आणि तिला घरी आणलं. तिसऱ्या दिवशी ती गेली. गाडीचा आवाज जरा वेगळा आला तर अख्खं इंजिन खोलून बसणारा माणूस घरच्या माणसाच्या बाबतीत एका शब्दावर गप्प बसला होता. तेव्हापासून ‘ठीक आहे’ या शब्दांवर त्यांचा विश्वास राहिला नव्हता.

मुलगी एकच, अनसूया. बँकेत नोकरीला होती. तिला बघायला वैजापूरहून पाहुणे आले तेव्हा बद्रीनाथांनी पगार विचारला नाही, जमीन विचारली नाही. रजेवर आलेला मुलगा, बन्सी, समोर ताठ बसला होता. त्याला त्यांनी विचारलं, “काम काय करता?”

“हेलिकॉप्टरवर आहे, मामा. मशीनची देखभाल करतो. समुद्रात कुणी अडकलं तर आत बसून दोरावर माणसं वर घेतो.”

“मशीन किती सालचं?”

काकासाहेब मोठ्यानं हसले. “साडूभाऊ, पोरगा बघायचाय. बैल नाय बाजारातला, दात मोजायला.”

“मोजू द्या की,” बन्सीचे वडील तात्यासाहेब म्हणाले. “सांग रं.”

“जुनं आहे,” बन्सी म्हणाला.

“किती?”

“माझ्यापेक्षा मोठं.”

“आन् तात्यासाहेबांपेक्षा?”

बन्सीनं वडिलांकडे बघितलं. “ह्यांच्या बरोबरीचं असंल.”

“म्हंजी लई मजबूत!” तात्यासाहेबांनी मांडीवर थाप मारली आणि सगळी बैठक हसली. बन्सीची आई पदराआडून काहीतरी पुटपुटली. बन्सी घाईनं म्हणाला, “पण ठीक आहे सगळं, मामा. काही काळजी नाही.”

बद्रीनाथ हसले नाहीत.

मग मुलगा-मुलगी गच्चीवर पाच मिनिटं बोलून आले. अनसूयाच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही. पाहुणे गेल्यावर तिनं कपबश्या विसळत विचारलं, “आप्पा, मला विचारणार का काही?”

“आधी मी बघून घेतो. मग तुला विचारतो.”

“बरं,” ती म्हणाली आणि नळ मोठा केला.

गॅरेजला स्कूटर घेऊन येणारे एक व्यंकटराव होते. नौदलाच्या सामानाच्या गोदामात अठ्ठावीस वर्षं नोकरी करून सिडकोत घर बांधून राहिलेले. बोलायला माणूस मिळाला की त्यांना घड्याळ दिसत नसे. बद्रीनाथांनी त्यांना स्टुलावर बसवलं, चहा मागवला आणि हेलिकॉप्टरचा विषय काढला.

“मी नोकरीला लागलो ना, तेव्हाच ही मशीनं जुनी म्हणत होते,” व्यंकटराव म्हणाले. “नवीन घ्यायची फाईल तेव्हाची. कंपन्या आल्या, चाचण्या झाल्या, किंमत ठरली. कुणीतरी शंका काढली, फाईल परत. पाच-सहा वर्षांनी पुन्हा मागणी. तोवर किंमत दुप्पट. मग म्हणाले एवढी नको, कमी घेऊ. मग म्हणाले आपल्या देशातच बनवू. मी निवृत्त झालो, फाईल अजून नोकरीत आहे.”

“तोवर काय करतात?”

“आयुष्य वाढवून घेतात. कागदावर. म्हणजे तपासून, खोलून, सगळं रीतसर. पण सुटे भाग कुठून आणणार? एक मशीन बाजूला उभं करायचं आणि त्याचं काढून दुसऱ्या दोघांना लावायचं.”

बद्रीनाथांनी गॅरेजच्या कोपऱ्यात बघितलं. तिथं विटांवर एक जीप उभी होती. चाकं नाहीत, रेडिएटर नाही, गिअरपेटी नाही. तिच्या जिवावर कन्नडच्या चार जीपा धावत होत्या. त्यांच्या मालकांनी नवी गाडी घेऊ घेऊ म्हणत पाच वर्षं काढली होती. दरवर्षी गाडी महाग होई आणि दरवर्षी ते म्हणत, यंदा राहू द्या, रिपेरच करा. घाटात गाडी बंद पडली तर बाजूला घेऊन उभी करता येते. समुद्रावर बाजू कुठून आणायची?

आणि हा म्हाताराही कितपत खरं बोलतोय? गोदामातली माणसं वाढवून सांगतात. बद्रीनाथांनी खात्रीसाठी बन्सीचा बायोडेटा काढून दिला. वर फोटो होता. जहाजावर, हेलिकॉप्टरच्या दाराशी बन्सी उभा. खाली लिहिलं होतं: पेटी ऑफिसर.

व्यंकटरावांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि फोटो नाकाजवळ नेला. “फोटो कधीचा?”

“ह्या दिवाळीचा. काकासाहेब म्हणाले.”

“मग हा पेटी ऑफिसर नाही.”

“कशावरून?”

“बाहीवर बघा. एकच नांगर आहे. पेटी ऑफिसर असता तर दोन असते, एकमेकांवर आडवे. हा त्याच्या खालचा.” त्यांनी बायोडेटा परत दिला. “लिहिताना चुकलं असेल.”

“चुकून माणूस वरच जातो व्हय? खाली कसा नाय येत?”

त्या दिवशी बद्रीनाथांनी दोन वेळा चुकीचा पाना उचलला. मशीन म्हातारं, आणि पोराच्या घरचे खोटं बोलतात. एक खोटं सापडलं म्हणजे आणखी असणार. ‘ठीक आहे’ म्हणताना पोरगा घाईत होता, तेही त्यांना आठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणालाही न सांगता ते वैजापूरच्या एसटीत बसले. नकार तोंडावर द्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

तात्यासाहेबांचं घर गावाबाहेर होतं. बद्रीनाथ फाटकाजवळ आले तेव्हा आत भांडण चाललं होतं. ते चिंचेच्या आडोशाला थांबले. चोरून ऐकणं त्यांना आवडायचं नाही, पण त्या दिवशी आवडलं.

अंगणात कांद्यानं भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला जोडून उभी होती. तात्यासाहेब ट्रॅक्टरवर बसले होते आणि बन्सी समोर उभा होता, हातात चावी घेऊन.

“दे ती चावी. लिलाव सुरू झाला आसंल.”

“नाय देत.”

“आरं, तार बांधलीय की तिला! दोन वर्षं तारंवरच चाललीय ट्रॉली.”

“म्हणूनच. ट्रॉलीची पिन खालून अडकवायला लहान पिन लागते, तिथं तुम्ही तार बांधलीय. खड्ड्यात तार तुटली तर पिन वर येईल आन् ट्रॉली सुटंल. मागून शाळेची पोरं सायकलीवर येतात. दुकानातून पिन आणायला माणूस पाठवलाय.”

“तवर भाव पडंल.”

“पडू द्या.”

“असाच नडतो तू!” तात्यासाहेबांचा आवाज चढला. “तिकडं बी असाच नडला. कोर्सला बोलावलं होतं, जायाचं होतं, दुसरा नांगर मिळाला आसता बाहीवर. हा म्हणतो, मशीनमधी आवाज येतोय, मी वहीत लिहिलाय तो, उघडून बघितल्याबिगर हलत नाय. साहेब म्हणला जा, दुसरा बघंल. तरी नाय गेला! आन् आता आमी सोयऱ्यांना खोटं लिहून देतो!”

बद्रीनाथ चिंचेमागून बाहेर आले.

तात्यासाहेब ट्रॅक्टरवर बसल्या जागी गार पडले. “पाव्हणं… कधी आलात?”

“आत्ताच. खोटं लिहून दिलं, तिथपर्यंत ऐकलं.”

तात्यासाहेब खाली उतरले. टोपी काढून पुन्हा घातली. “पुढल्या वर्षी व्हणारच हाय तो पेटी ऑफिसर. पोरगा मागं पडला म्हणलं तर कोण पोरगी देतं? काकासाहेबांना बी ठाव नाय. त्यांच्यावर राग धरू नका.”

बद्रीनाथ बन्सीकडे वळले. “आवाज कसला होता?”

“मामा?”

“मशीनमधी. आवाज कसला होता?”

“बारीक. घासल्यासारखा. शेपटीकडून यायचा, तो पण उतरतानाच. दोघांनी ऐकला आन् काही नाय म्हणाले. मला वाटत होतं आहे.”

“निघालं काय?”

“बेअरिंग. जायला आलं होतं. नवीन यायला अकरा दिवस लागले. कोर्स तोवर सुरू झाला.”

“अकरा दिवस तुम्ही थांबलात. मग?”

“बसवलं. पहिल्या उड्डाणाला मी आत बसलो.”

“कुणी सांगितलं बसायला?”

बन्सीला प्रश्न कळला नाही. “मीच बसवलं होतं ना.”

बद्रीनाथांनी ट्रॉलीचं चाक हातानं चाचपलं. मग म्हणाले, “आमच्या घरी तुम्ही सगळं ठीक आहे म्हणालात.”

“आईनं बजावलं होतं, मुलीच्या वडिलांना घाबरवू नको.” बन्सी खाली बघून बोलत होता. “ठीक नाय मामा. जुनी आहेत. नवीन येणार, येणार म्हणतात. मी भरती झालो तेव्हापासून ऐकतोय. ती येईपर्यंत आहेत तीच दर उड्डाणाला नव्यानं ठीक करावी लागतात. तुम्हाला नाय म्हणायचं असेल तर म्हणा. वाईट वाटणार नाय.”

“वाटंल की,” तात्यासाहेब मागून म्हणाले.

बद्रीनाथांनी फोन काढला आणि अंगणाच्या कडेला गेले. अनसूया बँकेत होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं. नांगर एकच आहे, बायोडेटात खोटं लिहिलंय, मशीन बापाच्या वयाचं आहे, नवीन कधी येईल ते कुणालाच माहीत नाही. काही लपवलं नाही.

“माहीत आहे,” अनसूया म्हणाली.

“काय माहीत आहे?”

“सगळं. गच्चीवर सांगितलं त्यांनी. पहिलंच वाक्य होतं, बायोडेटातली एक ओळ खोटी आहे.”

“मग मला का नाय सांगितलं?”

“सांगणारच होते. तुम्ही म्हणालात, आधी बघून घेतो. आप्पा, तुम्ही हात लावून बघितल्याशिवाय कुणाचं खरं मानता का? आई गेल्यापासून तर माझंही मानत नाही. म्हटलं, स्वतःच बघू देत.”

बद्रीनाथांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. पलीकडे टोकन नंबर पुकारल्याचा आवाज येत होता.

“भीती नाय वाटत तुला?” त्यांनी विचारलं.

“वाटते. पण विचार केलाय. माझा होकार आहे. ठेवू? काउंटरवर लोक आहेत.”

ते परत आले तेव्हा माणूस दुकानातून पिन घेऊन आला होता आणि बन्सी ट्रॉलीखाली वाकला होता. तात्यासाहेब त्यांच्याकडे बघत उभे होते, लिलाव विसरून.

“तात्यासाहेब, बायोडेटा नवा छापा,” बद्रीनाथ म्हणाले. “एका नांगराचा. तो घेऊन या, मग तारखेचं बोलू.”

“व्हय, व्हय! उद्याच छापतो. आज छापतो!”

“आन् त्या मशीनचं…” बद्रीनाथ म्हणाले. ते मशीन काही हर्सूलच्या गॅरेजात येणार नव्हतं.

बन्सी हात पुसत उठला. “झालं, तात्या. न्या आता.”

“थांबा,” बद्रीनाथ म्हणाले. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, ट्रॅक्टरच्या पेटीतली पक्कड घेतली आणि ट्रॉलीखाली वाकले. पिन बसली होती. दोन्ही टोकं नीट मुडपली होती. तरी त्यांनी पक्कडीत धरून ती जोरानं ओढून बघितली. मग आणखी एकदा.

नंतर ते ट्रॅक्टरवर चढले आणि तात्यासाहेबांशेजारी मडगार्डवर बसून मार्केट यार्डापर्यंत गेले.