टबातला खारा समुद्र

बाळांनो, डोळे मिटा आणि अशी कल्पना करा की तुम्ही समुद्र कधीच पाहिला नाही. तुम्हाला माहीत आहे ते फक्त बोरिंगचं खारट पाणी. वरवट बकाल गावच्या नाजिशचं तसंच होतं.

तिनं टबातल्या पाण्यावर थर्माकोलचा तुकडा सोडला होता. त्यात उभी दांडी, दांडीच्या टोकाला लोहचुंबक. फळीनं पाणी ढकललं की लाट येई, चुंबक तारा गुंडाळलेल्या नळीत वरखाली होई आणि इवलासा दिवा लागे. दिवा लागला तरच हा लाटेवरच्या विजेचा नमुना उद्या बुलढाण्याच्या विज्ञान प्रदर्शनात जाणार होता.

आज मात्र दिवा लागेना. दुपारपासून ती फळी ढकलत होती.

अब्बा, म्हणजे बशीर शिंपी, मशीन थांबवून पाय लांब करून बसले. "काऊन वं, थकली?"

"हात भरून आले, अब्बा."

"माह्ये पाय भरले. समुद्राचं बरं हाय, त्याले ना हात ना पाय."

"म्हणून तर त्याले दम घे म्हणाव लागत नाही," अम्मी आतून म्हणाली.

खरंच आहे. समुद्रावर वारा वाहतो, आपलं बळ पाण्याला देतो आणि लाटा रात्रंदिवस चालत राहतात. त्या बळावर वीज करता येते, कोळसा न जाळता.

नाजिशनं दांडी ओढली. ती नळीत घट्ट अडकली होती. जोर लावून काढली, तर तिच्यावर पांढरा थर. नळाच्या तोटीवर चढतो, तसाच.

"कोन्तं पाणी घातलं व्हतं?" अम्मीनं विचारलं.

"बोरिंगचं. आठ दिवस झाले. समुद्र खारा असते न!"

"अवं, लाट का मिठानं येते? थांब, माठातलं गोडं पाणी देते."

नाजिशनं दांडीवरचा थर नखानं खरवडून पाहिला. थकून तिचे डोळे चुरचुरत होते.

"नको अम्मी. समुद्रात गोडं पाणी कोन टाकन? तिथल्या मशीनलेबी हा खार खातच असन."

तिनं ओढणीच्या टोकानं दांडी घासली. अब्बांच्या मशीनची तेलाची कुपी उचलून दोन थेंब सोडले. दांडी नळीत घातली, तशी ती सैल सरकली. मग उजवा हात उचलेना, म्हणून तिनं डाव्या हातानं फळी धरली आणि त्याच खाऱ्या पाण्यात लाट ढकलली. इवलासा दिवा लागला.