दोन साडू आणि एक सिलिंडर

थोरलीच्या घरात घालायच्या डाव्या चपलेची टाच उजवीपेक्षा साडेतीन मिलिमीटर जास्त झिजली होती. हा अंदाज नव्हे. तिच्या नवऱ्याने व्हर्नियर लावून प्रत्येक टाच तीन-तीन जागी मोजली होती आणि सरासरी काढली होती. ते दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवत. गल्लीत सगळे त्यांना दातवाले म्हणत. अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीने माणसाचं जेवण अवघड होतं हे तीस वर्षं पाहिलेल्या माणसाला साडेतीन मिलिमीटर म्हणजे काय, हे वेगळं सांगायची गरज नव्हती. थोरलीचा उजवा गुडघा गेला होता आणि ती सगळा भार डाव्या पायावर टाकत होती. झोपायची खोली वरच्या मजल्यावर, मध्ये सतरा पायऱ्या. उपाय एकच होता, पलंग खाली आणणे. दातवाल्यांनी साडेतीन मिलिमीटर जाडीचा रबराचा तुकडा कापला, तो चपलेच्या टाचेला चिकटवला आणि चप्पल गुपचूप जागेवर ठेवून दिली.

कारण खालच्या खोलीत मोटरसायकल राहत होती.

ती साधीसुधी मोटरसायकल नव्हती. दगडधोंड्यांतून, ओढ्यांतून, रस्ता संपतो तिथून पुढे जायला बनवलेली, चाळीस वर्षं जुनी, सहाशे सीसीची आणि इतक्या सगळ्याला मिळून एकच सिलिंडर. पिस्टन दुधाच्या पातेल्याएवढा. सुरू करायला बटण नाही, फक्त किक, आणि किक चुकली तर मशीन उलटी लाथ घाली. सीट इतकी उंच की दातवाल्यांच्या बरगड्यांना लागे. मास्तरांच्या तर हनुवटीशीच येई.

मास्तर म्हणजे दातवाल्यांचे साडू, धाकटीचे यजमान. गाडी शिकवायच्या शाळेत ते शिक्षक होते. दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग देऊन पाय ब्रेकवर ठेवण्यात त्यांचा जन्म गेला होता. नऊ वर्षांपूर्वी दोघा साडूंनी मिळून ही मोटरसायकल एका बंद पडलेल्या खाणीच्या शेडमधून उचलली, तेव्हा ती तीन पोती आणि एक सांगाडा अशा स्वरूपात होती. तेव्हापासून दर रविवारी सकाळी आठ वाजता मास्तर यायचे आणि दुपारी धाकटीचा तिसरा फोन आला की जायचे. या नऊ वर्षांत थोरलीच्या ओव्हनमध्ये इंजिनाचं कवच तापवून झालं, फ्रीजमध्ये दुधाशेजारी बेअरिंग गारठवून झालं, आणि पुढचे दोन महिने घरात भाजलेल्या प्रत्येक गोष्टीला ग्रीसचा वास येऊन झाला. बाजूच्या झाकणाचा हुक कुठेच मिळेना, तेव्हा दातवाल्यांनी मेणात त्याचा नमुना कोरून तो दाढेवर बसवायच्या टोपीच्या धातूत ओतला. असा हुक जगात दुसऱ्या कुठल्याही मोटरसायकलला नव्हता, हे मात्र खरं.

थोरलीने चार वर्षांपूर्वी गुडघा पहिल्यांदा कुरकुरला तेव्हा विचारलं होतं, "हे भिजत घोंगडं किती दिवस?"

"सुरू होऊ दे गं एकदा," दातवाले म्हणाले होते. "सुरू झाली की विकायची, आणि खोली तुझी. शब्द देतो."

शब्द दिल्यापासून मोटरसायकलचं सुरू होणं फारच अवघड होऊन बसलं.

शेवटी थोरलीने स्वतःच कागदावर जाहिरात लिहून गुरांच्या दवाखान्याबाहेर चिकटवली. तिथे का, तर डोंगरावर जाणारी माणसं तिथेच येतात. "विकणे आहे. मोठी मोटरसायकल. सिलिंडर एक, मालक दोन. सुरू होत नाही." तिच्या लिहिण्यात पाल्हाळ नसे. ती जाहिरात दुसऱ्या कुणी वाचण्याआधी खुद्द गुरांच्या डॉक्टरबाईंनीच काढून पर्समध्ये टाकली. त्या उंच, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट, आवाज गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला जाईल असा. वरच्या कुरणांवर त्यांची चारचाकी जात नसे आणि चालत जाईपर्यंत वासरू जन्माला येऊन उभंही राहिलेलं असे. त्यांना अशीच मशीन हवी होती.

त्या दोनदा येऊन गेल्या. पहिल्यांदा मास्तर म्हणाले, कार्ब्युरेटरचं थोडं राहिलंय. दुसऱ्यांदा दातवाले म्हणाले, कार्ब्युरेटरचं झालं, पण त्यामुळे आता दुसरं थोडं निघालंय.

"मी रविवारी येते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सुरू झाली तर घेऊन जाते. नाही झाली तर नाद सोडते, दुसरी बघते."

आता खरी गोष्ट अशी होती की मोटरसायकल सुरू होत होती. मंगळवारी थोरली बाहेर गेली असताना दातवाल्यांनी सहज म्हणून किक मारली आणि ती चक्क धडधडायला लागली. चाळीस सेकंद ते थिजल्यासारखे उभे राहिले. मग त्यांनी ती बंद केली, खिडक्या उघडल्या, वर्तमानपत्राने धूर बाहेर हाकलला आणि बाजारातून आलेल्या थोरलीला न विचारता चहा करून दिला. नऊ वर्षांची मेहनत फळाला आली होती आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती. गाडी गेली की रविवार गेला. रविवार गेला की मास्तर गेले. जेवायला यायचे, सणासमारंभाला भेटायचे, पण दोन बायकांच्या मध्ये बसून दोन साडू एकमेकांशी काय बोलणार? हवापाण्यावर. या खोलीत ते नऊ वर्षं एकमेकांना मूर्ख म्हणत आले होते, आणि दातवाल्यांना तसं म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं.

म्हणून शनिवारी दुपारी, थोरली वर आडवी झाली असताना, ते पेचकस घेऊन खाली उतरले.

इथे एक कायदा सांगायला हवा. इंजिनात ठिणगी नेमकी कधी पडावी, हे दोन गोष्टींवर ठरतं. एक, पॉइंटच्या, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या दोन टोकांमधली फट. दोन, ते पॉइंट ज्या गोल प्लेटवर बसतात ती प्लेट किती फिरवली आहे. सहा वर्षांपूर्वी यावरून दोघा साडूंचं असं वाजलं होतं की तीन आठवडे बोलणं बंद. शेवटी दोघी बहिणींनी मध्ये पडून तह केला आणि तो खडूने भिंतीवर लिहिला. फट मास्तरांची, प्लेट दातवाल्यांची. एकाने दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही, त्याबद्दल बोलायचं नाही, आणि शक्यतो तिकडे बघायचंही नाही. तो तह आजवर कुणी मोडला नव्हता.

दातवाल्यांनी झाकण उघडलं, प्लेटचे दोन स्क्रू सैल केले आणि प्लेट केसभर, म्हणजे त्यांच्या हिशेबाने पाच अंश, सरकवली. आता ठिणगी उशिरा पडणार. मशीन दोनदा खोकेल, एकदा शिंकेल आणि गप्प बसेल. कुणाला इजा नाही, कुणाचं नुकसान नाही. फटीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. ते मास्तरांचं खातं. झाकण लावताना त्यांना स्वतःची थोडी लाज वाटली, पण स्क्रू मात्र नीट आवळले गेले.

रविवारी दहाच्या ठोक्याला डॉक्टरबाई आल्या. मास्तर आठपासून हजर होते. आज त्यांनी जाडजूड बूट चढवले होते आणि ते गाडीजवळून हलत नव्हते.

"किक मी मारणार," मास्तर म्हणाले.

"तुम्ही? तुम्हाला स्टूल लागतं," दातवाले म्हणाले.

"स्टूल आणलंय."

"कवळी माझ्याकडून करून घ्या, साडूभाऊ. ही उलटी फिरली तर खालचेच नाही, वरचेही जातील."

"म्हणूनच म्हणतो, मीच मारतो. मला हिच्या लाथेची सवय आहे." मास्तर डॉक्टरबाईंकडे वळले. "लाथाडते हो फार. स्वभावच तसा. डोंगरात एकट्या बाईमाणसाला..."

"मास्तर, मी दिवसाला पन्नास गाई तपासते," डॉक्टरबाई म्हणाल्या, "आणि त्या काही मला नमस्कार करत नाहीत." एवढं बोलून त्यांनी पाय टाकून सीटवर बैठक मारली. त्यांचे दोन्ही पाय जमिनीला टेकले. नऊ वर्षांत हे दृश्य त्या खोलीने पाहिलं नव्हतं. त्यांनी पेट्रोलचा नळ उघडला, इंजिनातला दाब सोडायची लहान लिव्हर दाबून पिस्टन हळूच वर आणला आणि किकवर पाय ठेवला.

"थांबा!" मास्तर ओरडले.

"नको!" दातवाले ओरडले.

डॉक्टरबाईंनी किक मारली.

मोटरसायकल खोकली नाही, शिंकली नाही, लाथाडली तर मुळीच नाही. ती पहिल्या किकमध्ये सुरू झाली आणि एकेक ठोका स्वच्छ मोजता यावा अशी चालू लागली. खिडकीची काच थरथरली. कपाटातले नट एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जायची तयारी करू लागले. दोघे साडू तोंडात मारल्यासारखे उभे. मास्तरांचे ओठ हलले. ऐकू काही आलं नाही, पण ते 'शक्यच नाही' म्हणाले हे दातवाल्यांना दिसलं, कारण त्यांचेही ओठ नेमकं तेच म्हणत होते.

आवाज ऐकून थोरली वरून खाली यायला निघाली.

एरवी ती उतरायची तेव्हा दातवाले या खोलीत, दाराकडे पाठ करून, कसला ना कसला स्क्रू आवळत असायचे. आज काहीच करण्याजोगं नव्हतं आणि आवाजात बोलता येत नव्हतं, त्यामुळे ते उघड्या दारातून पाहत राहिले. ती आडवी होऊन उतरत होती. दोन्ही हात कठड्यावर. आधी उजवा पाय खाली, मग त्याच पायरीवर डावा. मग थांबणं. मग पुन्हा उजवा. सातव्या पायरीवर ती थांबली तेव्हा तिने डोळे मिटून घेतले होते. इंजिनाचे ठोके चालूच होते, आणि दातवाल्यांनी सवयीने मोजायला सुरुवात केली. पण दहाव्या पायरीनंतर त्यांना मोजवेना. सतरा पायऱ्या उतरायला माणसाला एवढा वेळ लागतो, हे त्यांना कुठल्याही व्हर्नियरने सांगितलं नव्हतं.

ती दाराशी आली तेव्हा डॉक्टरबाईंनी इंजिन बंद केलं.

"काय मशीन आहे!" डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुम्ही तर म्हणत होता सुरूच होत नाही."

"होऊच शकत नाही," मास्तर म्हणाले. ते अजून इंजिनाकडेच बघत होते. "शुक्रवारी संध्याकाळी मी गुपचूप येऊन फट चांगली मोठी करून ठेवली होती."

दातवाले गर्रकन त्यांच्याकडे वळले.

"तुम्ही फट वाढवली?" दातवाले म्हणाले. "म्हणजे ठिणगी लवकर पडणार!"

"तर! म्हणून तर बूट घालून आलो. म्हटलं लाथ खायची तर मी खाईन."

"आणि मी काल प्लेट सरकवली. उशिरा पडावी म्हणून."

"किती?"

"पाच अंश."

मास्तरांनी बोटांवर काहीतरी जुळवलं आणि त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे बरोब्बर जागेवर आली. साडूभाऊ, अहो मूर्ख आहात का तुम्ही? निदान विचारायचं तरी!"

"विचारायचं? तह कुणी केला होता? मी तुमच्या फटीकडे बघायचं नाही, असं ठरलंय ना?"

"गुरुवारी घरी कुणी नसताना मी येऊन एका किकमध्ये सुरू केली होती हो. तेव्हा दिवसभर घशाखाली घास उतरला नाही."

"मंगळवारी माझं तेच झालं."

"मंगळवारी?" मास्तर दुखावले. "आणि मला सांगितलं नाहीत?"

डॉक्टरबाई हँडलवर हात ठेवून कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे बघत होत्या, जणू दोन बैलांपैकी आजारी कोणता ते ठरत नव्हतं. थोरली दाराच्या चौकटीला टेकली होती. उतरल्यामुळे तिला अजून धाप लागली होती.

"मंगळवारी पडद्यांना धुराचा वास होता," ती म्हणाली. "गुरुवारीही होता. मंगळवारी तर मला आयता चहा मिळाला."

"मग बोलली का नाहीस?" दातवाल्यांनी विचारलं.

"शब्द तुम्ही दिला होतात. मी कशाला बोलू?"

ती रागावली नव्हती. रागावली असती तर सोपं गेलं असतं. ती नुसती एका पायावर उभी होती आणि दुसरा किंचित उचलून धरला होता, पाण्यात पाय बुडवावा की नाही असं ठरवणाऱ्या माणसासारखी.

"मग?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "नेऊ ना?"

मास्तरांनी दातवाल्यांच्या कोपराला हळूच धक्का दिला. "तसं बघितलं तर," ते खालच्या आवाजात म्हणाले, "ठोका अजून एकसारखा नाहीये. कार्ब्युरेटरचं अजून थोडं... तीन-चार रविवार. फार तर पाच. नाहीतर आपण रविवारी करायचं काय?"

प्रश्न साधा होता आणि खरा होता. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मग थोरलीच्या उचललेल्या पायाकडे. चार वर्षं ते हे एक वाक्य गिळत आले होते. तोंड उघडलं तेव्हा ते त्यांच्या अपेक्षेपेक्षा बरंच मोठ्याने बाहेर पडलं, कारण कान अजून इंजिनाने बधिर होते.

"न्या, डॉक्टरबाई. आत्ताच न्या. आणि मास्तर, तुम्ही ते बूट काढा आणि वर चला. पलंग आज खाली येणार आहे, आणि त्याची एक बाजू तुम्ही धरायची आहे."