पाकाची तार

“बोटाला विचार, पोरी. डोळा लबाड असतो.”

लिमलेटच्या गोळ्यांच्या कारखान्यात पहिल्या दिवशी पाक शिकवणारी मावशी तिला म्हणाली, ते तीस वर्षं तिच्या कानात घर करून होतं. पाकाचा थेंब अंगठा-तर्जनीत धरायचा, बोटं हळूच उघडायची, तार कुठे तुटते ते जाणायचं. मग बोट चाटायचं. दिवसाला चाळीस कढया, चाळीस वेळा तोंड गोड. वर तीन चमचे साखरेचा चहा, तो वेगळाच.

आता बोटं मुकी झाली होती. आधी मुंग्या, मग टोचणी, मग काहीच नाही. जणू कुणी मेणाचे मोजे चढवले.

डॉक्टरीणबाईंनी दोनदा रक्त तपासलं. “मधुमेह नाही तुम्हाला.”

“सुटले बाई!”

“थांबा. मधुमेह नसला तरी फार साखरेनं काहींच्या नसा दुखावत असाव्यात, असा संशय आहे. पक्कं सांगता येत नाही. दुसरी कारणंही शोधू. तोवर साखर तोडा.”

साखर तोडा! कढईपाशी उभ्या बाईला! घरी ती हसून म्हणाली, “रिपोर्ट लख्ख आहे.” पुढचं गिळलं.

कारखान्यात तर तिचा थाट वाढलेला. कढत पाकानं चेहरा हलत नाही म्हणून बायका तिला पोलादी म्हणायच्या. त्या कौतुकानं जणू बाहेरून कडी घातली होती. आतून उघडणार कशी?

या आठवड्यात सून तिच्या हाताखाली शिकायला आली.

“आई, झाला का पाक?”

पोलादीनं चमच्यावरचा थेंब चिमटीत धरला. “घे. निवलाय.”

सुनेनं धरला आणि किंचाळली. बोटं गार पाण्यात बुडवली, तरी फोड टरारून आला.

“अगं, ती पोलादी, तू लोणी!” बायका हसल्या.

सूनही डोळे पुसत हसली. “माझंच चुकलं. सोसायची सवय करीन मी, आई.”

सोसायची सवय. या पोरीची पुढची तीस वर्षं पोलादीला त्या कढईत उकळताना दिसली. तिनं सुनेचा ओला हात हातात घेतला. तो गार होता की गरम, कळेना.

“तुझं काही चुकलं नाही गं,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “माझ्या बोटांना काही कळतच नाही. सहा महिने झाले. मी नुसत्या डोळ्यांनी पाक उतरवतेय.”