दोन पंगतींमधली जाळी

मित्रांनो, तुम्ही मला कधी नीट पाहिलं नसेल. सगळे माझ्यातून पलीकडेच बघतात. मी एक जुनी तारेची जाळी आहे.

दौंडच्या एका लहानशा कारखान्यात मला विणलं. पुढं न्हावरे गावात कांद्याच्या चाळीला ठोकलं. वारा आत जायचा, कांदा बाहेर पडायचा नाही. लोक म्हणायचे, जाळी चांगली आहे. मग चाळ मोडली आणि मी बांधावर पडून राहिले. गंज चढला, दोडक्याचा वेल चढला.

एक दिवस सविताताईंनी मला घासून धुतलं आणि त्यांच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये मधोमध उभं केलं. पुण्याहून दीक्षा नावाची संशोधक आली होती. माझ्या एका बाजूच्या पिल्लांना तुळस, हळद, अश्वगंधा मिसळलेलं खाद्य, दुसऱ्या बाजूला साधं. ती सांगायची, शरीराने काय करायचं याच्या सूचना जनुकांत असतात. सगळ्याच सूचना एकदम वाचल्या जात नाहीत. आजाराशी लढण्याच्या सूचना या वनस्पतींमुळे जास्त वाचल्या जातात का, ते तिला बघायचं होतं. त्यासाठी शेवटी दोन्हीकडचे काही पक्षी मारून त्यांच्या काळजाचा तुकडा तपासावा लागणार होता.

खाद्य घालायचं काम सविताताईंच्या सासूबाईंकडे, शेवंताबाईंकडे होतं. "माणसाला खोकला झाला तर घरात तुळस गावत न्हाई," त्या म्हणायच्या, "आन् ह्या बायांना अश्वगंधा."

पण पिल्लांवर त्यांची माया होती. तान्ह्या लेकरागत त्या एकेकीला जवळ घ्यायच्या. आणि रोज, कुणी नसताना, दोन्ही पोत्यांतलं खाद्य एका घमेल्यात कालवून त्या दोन्हीकडे वाढायच्या. मी बघत होते. जाळीला तोंड नसतं.

पक्षी नेले. काही आठवड्यांनी दीक्षा आली.

"दोन्हीकडं सारखंच आलंय, ताई. वनस्पतींचा काही उपयोग नाही, असंच लिहावं लागेल."

"लिहू नको, बाई," शेवंताबाई म्हणाल्या. "मी कालवून घालत व्हते."

"आई, कशापायी?" सविताताईंनी विचारलं.

"एका छपराखाली दोन ताटं? पंगतीत असं वाढत न्हाईत आपल्यात."

दीक्षा रागावली नाही. हळूच म्हणाली, "आजी, जे पक्षी मारले, त्यांनी मग काहीच सांगितलं नाही हो आपल्याला."

शेवंताबाईंनी माझी तार घट्ट धरली. पक्ष्यांना समान वाढलं होतं त्यांनी, आणि त्यानंच त्यांचा जीव वाया गेला होता.

नवी पिल्लं आली. "मी घालू का खाद्य?" सविताताईंनी विचारलं.

"नगं. मीच घालते."

आता घमेली दोन आहेत. साध्या बाजूचं एक पिल्लू माझ्यातून चोच काढून पलीकडचं मागतं. शेवंताबाई खाली बसतात, एका बोटानं ती चोच अलगद आत सारतात.

"तुझं तिकडं हाय, माय. ते खा." आणि ते खाईपर्यंत त्या उठत नाहीत.

मित्रांनो, अशा शेडमध्ये कधी आलात तर माझी तार वाकवू नका, कीव येऊन माझ्यावरून पलीकडचं मूठभर खाद्य अलीकडं टाकू नका. कुठं तुटलेली दिसले तर मोठ्यांना सांगा. माझ्या दोन्ही बाजूंना जीव आहेत. त्यांतले काही जाणार आहेत. जाताना त्यांना खरं सांगून जाऊ द्या.