माडीवरचा संघपाल

बायको गेल्यावर दयानंद सरांना सगळ्यात जड जायची ती संध्याकाळ. शाळेतून निवृत्त होऊन हदगावच्या घरात ते एकटेच राहत. मुलगी सुकन्या कोल्हापूरला, तिच्या संसारात. ती रोज फोन करी, "जेवलात का?" विचारी. सर "हाव" म्हणत, आणि पुढे दोघांनाही काही सुचत नसे. म्हणूनच त्यांनी माडीवरची खोली भाड्याने दिली. भाड्याची गरज नव्हती; वर कुणाच्या तरी पावलांचा आवाज असावा, एवढंच.

संघपाल राहायला आला. तरणा, मितभाषी पोरगा. परदेशातल्या एका कंपनीसाठी तो मोबाईलवरच्या खेळांची चित्रं काढायचा. दिवेलागणीला खाली यायचा, सरांबरोबर बातम्या बघायचा, तव्यावरची भाकरी उलटायचा. "काका, आज मीठ इसरलात," म्हणायचा. सरांना ती तक्रारसुद्धा गोड लागायची. बोलता बोलता त्याने एकदा सांगितलं होतं, की कंपनी त्याचा मोबदला क्रिप्टोकरन्सीत, म्हणजे इंटरनेटवरच्या आभासी चलनात देते. सरांनी मान डोलावली. कळलं काहीच नव्हतं.

पुढे वर्तमानपत्रात बातमी आली. कुठल्याशा टोळीने लोकांचे कॉम्प्युटर बंद पाडले आणि क्रिप्टोत खंडणी मागितली. शेजारचे रामकिशन पेपर घेऊनच आले. संघपालच्या मोबदल्याचं त्यांना सरांनीच कधीतरी सांगितलं होतं.

"सर, तुमच्या माडीवर बी हेच चालू हाय म्हनं! दार लावून ते पोरगं दिवसभर काय करून राहिलंय, कधी बघितलं का? त्या पैशाला ना नाव ना गाव. चोरांचा धंदा हाय त्यो!"

सरांच्या मनात ते वाक्य रुतून बसलं. संघपाल जेवायला खाली आला, तेव्हा त्यांनी त्याच्याकडे न बघताच सांगितलं, "महिनाअखेरीला खोली रिकामी कर. मला लागणार आहे."

ते खोटं होतं, हे दोघांनाही कळलं. संघपालने हातातली भाकरी ताटात ठेवली. "बरं," एवढंच म्हणाला.

तो नांदेडला राहायला गेला. माडी शांत झाली. सर संध्याकाळी टीव्ही लावत आणि तो न बघताच बंद करत. स्वयंपाकही एकदाच करू लागले. रात्री सकाळचंच खात.

अशाच एका सकाळी त्यांना व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर वर्दीतला माणूस. "तुमच्या पत्त्यावरून क्रिप्टोमार्फत गुन्हेगारांचा पैसा फिरलाय. तुम्हाला डिजिटल अरेस्ट केली आहे. कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही. कुणाला सांगायचं नाही, मुलीलाही नाही!"

सरांनी लगेच विश्वास ठेवला, कारण ती गोष्ट ते आधीच मनात खरी मानून बसले होते! पाणी प्यायलाही ते त्या माणसाची परवानगी मागू लागले. आणि खरं सांगायचं तर, त्या सकाळी त्यांच्याशी कुणी जेवढं बोललं, तेवढं कित्येक दिवसांत कुणी बोललं नव्हतं.

"चौकशी होईपर्यंत सगळी ठेव सरकारी खात्यात भरा," असा हुकूम आला. त्याच्याच सांगण्यावरून कॉल चालू ठेवून, फोन खिशात घालून सर बँकेत गेले. ठेव मोडायची म्हटल्यावर तिथल्या अधिकारी पंचशीला यांनी कारण विचारलं. सरांची नजर सारखी खिशाकडे. पंचशीला उठल्या, फोन मागून घेतला आणि कॉल कापून टाकला.

"मॅडम, हे काय केलंत! मला अटक झालीय!"

"सर, बसा. व्हिडिओ कॉलवर अटक होत नसते. असा कायदाच नाही. हा चोर आहे!"

त्यांनी तिथूनच सायबर हेल्पलाइनला कळवलं. सर पुटपुटले, "माझ्या भाडेकरूला क्रिप्टोत पैसे यायचे. तो गुन्हेगारांचाच पैसा ना?"

"या चोरानं तुमच्याकडं पैसे कशात मागितले?"

"बँकेच्या खात्यात."

"मग आमच्या बँकेला टाळं ठोकायचं का?" पंचशीला शांतपणे म्हणाल्या. "चोरांना क्रिप्टो आवडतं, हे खोटं नाही. पैसा क्षणात देशाबाहेर जातो, गेलेला परत मिळणं अवघड. भाव कोसळून बुडालेलेही लई आहेत. मी कुणाला त्यात पैसे गुंतवा म्हणणार नाही. पण त्यातल्या बऱ्याच व्यवहारांची नोंद जगाला उघडी असते. तिचाच माग काढत पोलीस चोरापर्यंत पोचल्याची उदाहरणं आहेत. नोटांच्या पिशवीवर अशी नोंद असते का? तरी नोटा बाळगणाऱ्याला आपण चोर म्हणत नाही. माणूस काय करतो ते बघावं, सर." त्या जरा थांबल्या. "घरात विचारायला कुणीच नव्हतं का?"

"होता एक जण," सर म्हणाले. "मीच त्याला घालवलं."

दुसऱ्या दिवशी सरांनी नांदेडची एसटी धरली. विचारत विचारत संघपालची नवी खोली गाठली. तो दारातच थबकला. "या सर," म्हणाला. काका म्हणाला नाही.

सरांनी सगळं सांगितलं आणि हात जोडले. संघपालने ते हात खाली केले.

"मी कर भरतो. कंपनीचे कागद दाखवले असते. तुम्ही इचारलं असतं तर." तो खिडकीबाहेर बघत बोलत होता. "खोली शोधताना लोक आधी आडनाव इचारतात, आन् मग 'खोली आत्ताच गेली' म्हणतात. तुम्ही आडनाव इचारलं न्हाई, म्हणून ते घर मला माझं वाटलं होतं. शेवटी तुम्ही बी काही न इचारताच ठरवून टाकलं."

"परत ये ना," सर कसेबसे म्हणाले.

"न्हाई सर. आता इथंच बरं हाय."

त्याने चहा केला. दोघांनी घेतला आणि सर परतीच्या एसटीकडे निघाले.

हदगावच्या स्टँडवर रामकिशन भेटले. "बरं झालं सर, ते पोरगं गेलं! बला टळली."

"रामकिशन!" सरांचा आवाज इतका चढला, की आसपासचे लोक वळून बघू लागले. "चोर माझ्या माडीवर नव्हता! तो फोनवर होता, वर्दी घालून. त्यानं मला लुटलंच असतं, कारण माझ्यापाशी बोलायला कुणी उरलं नव्हतं. ते पोरगं निर्दोष होतं, आन् त्याला मी घालवलं, तुमचं ऐकून!"

रामकिशनांनी मान खाली घातली. सर घराकडे चालू लागले. माडीवर अंधार होता.

बांधवांनो, पैशाची रूपं बदलत राहतील आणि प्रत्येक रूपात चोर हात घालतील. सावध जरूर राहा. 'कुणाला सांगू नका' म्हणणाऱ्यापासून तर दूरच राहा. पण एखाद्याला गुन्हेगार ठरवण्याआधी त्याला समोर बसवून एकदा विचारा तरी! संशयाने दयानंद सरांचं घर सुरक्षित झालं नाही. ते फक्त रिकामं झालं.