तेजलच्या मुठीतलं प्यादं

ए, आधी नुसतं ऐकून घ्या मित्रांनो, मध्ये कुणी बोलायचं नाही. मी एक प्यादं आहे. बुद्धिबळातलं, पांढरं. माझे सात भाऊ लाकडाचे, मी एकटाच नायलॉनचा, म्हणून जरा उंच आणि गुळगुळीत. चैतालीच्या सेटमधलं एक प्यादं हरवलं होतं ना, तर तिच्या पप्पांनी, धम्मपालनी, अंबडच्या कंपनीत जेवणाच्या सुट्टीत नायलॉनचा उरलेला तुकडा लेथवर लावला आणि मला काढलं. शेजारच्या मशीनवरचे सहादूकाका डबा सोडता सोडता म्हणाले, "धम्मपाल, हे कुठल्या गाडीचं बुश रे?"

"बुश नाय, पोरीच्या फौजेतला शिपाई आहे."

"मग गेटवर उभा कर की! आपला वॉचमन तसाही झोपलेलाच असतो."

असा हसण्याखिदळण्यात माझा जन्म झाला.

दर रविवारी वंदना झाली की विहाराच्या हॉलमध्ये संतोष सरांचा क्लास भरायचा. चैताली आणि पुढच्या गल्लीतली तेजल एकाच पटावर बसायच्या. वजिराच्या बाजूच्या घोड्यापुढे चैताली नेहमी मलाच उभं करायची. सर इव्हान्स गॅम्बिट नावाची डावाची सुरुवात शिकवायचे, एका जुन्या मास्टरच्या डावावरून. आणि शिकवायची पद्धत कशी, तर पाढ्यांसारखी! सगळी पोरं एका सुरात ओरडायची, "प्यादं दोन घरं, प्यादं दोन घरं, घोडा, घोडा, उंट, उंट..." आणि माझी खेळी आली की अख्खा हॉल दणाणायचा, "देऽऽ!"

म्हणजे मला पुढे ढकलायचं, काळ्या उंटाच्या तोंडात.

एकदा चैतालीनं विचारलंच, "सर, पण का द्यायचं? फुकटच जातंय की."

सर खूश झाले. "बघ हं. उंटानं याला खाल्लं. आता शेजारचं प्यादं एक घर पुढे, उंट पळाला. मग मधलं प्यादं पुढे, मधली जागा आपली. तो एकटा उंट पळवत बसलाय, तोवर आपली फौज बाहेर, कॅसलिंग करून आपला राजा कोपऱ्यात गुपचूप. त्याचा राजा मात्र अजून मध्येच, उघड्यावर! मास्टरनं इथंच धरला त्याला."

"म्हणजे प्यादं दिलं आणि वेळ घेतला?"

"शाब्बास! मग या डावातला हीरो कोण? हे प्यादं!"

काय सांगू, मी असला फुगलो ना!

तेजल नुसती पाठ करायची. चैतालीच तिला विहाराच्या पायरीवर बसवून शिकवायची. "तेजे, घोकू नको गं. काळा राजा मध्ये सापडला की उघड्या रांगेत हत्ती आण. शह बसला की त्याला कॅसलिंग करता येत नाही. संपला!" तेजल मान हलवायची. तिला एक सवय होती, मला मारलं की बाजूला ठेवायची नाही, डाव संपेपर्यंत मुठीत फिरवत बसायची. मला आवडायचं ते, खोटं कशाला बोलू.

मग आली जिल्ह्याची निवड स्पर्धा. मुलींमधून दोघी राज्याला जाणार होत्या. एक जागा पहिल्या नंबरवरच्या मुलीकडे जवळजवळ गेलेलीच होती, उरली एक. आणि शेवटच्या फेरीत जोडी लागली चैताली आणि तेजलचीच! पट घरून न्यायचा होता, म्हणून मी चैतालीच्या पिशवीत होतो. सरांनी तिला पाण्याच्या टाकीमागे नेलं, मी शब्द न् शब्द ऐकला.

"चैताली, तेजलचा अर्धा गुण जास्त आहे. ती जिंकली तर शंभर टक्के राज्याला. तू जिंकलीस तर दुसऱ्या टेबलावरची ती चांदवडची मुलगी हरायला पाहिजे, तरच तुझा नंबर. आणि ती कसली हरतेय! आपल्या क्लासचं एक तरी नाव जायला पाहिजे ना?"

"म्हणजे मी हरू, सर?"

"हरू काय म्हणतेस! आपण प्यादं देतो ना, तसं. तू समजदार आहेस बाळा."

हीरो म्हणजे काय, ते मला त्या टाकीमागे कळलं.

चैताली पांढऱ्यानं बसली. तिनं मला पुढे ढकललं. तिनं अजून काहीच ठरवलं नव्हतं, शपथ. तेजलनं मला मारलं आणि मुठीत घेतलं. बोटांच्या फटीतून मला पट दिसत होता. डाव थेट क्लासमधल्यासारखा निघाला. तेजल घाबरून उंटच पळवत राहिली, तिचा राजा मध्येच राहिला, समोरची रांग उघडली. आता हत्ती आणला की झालं! चैतालीचा हात हत्तीवर गेला, पण टेकला नाही. सोंगटीला शिवलं की तीच हलवावी लागते. हात तसाच थांबला, मागे आला, आणि तिनं कडेचं प्यादं एक घर सरकवलं. उगाच.

तेजलची मूठ अशी आवळली की मी तिच्या तळव्यात रुतलो. पायरीवर शिकलेलं तिला बरोबर आठवलं होतं. तिनं वर बघितलं. चैतालीनं नाही बघितलं. मागून सर हात पाठीशी बांधून गेले. मूठ न उघडता तेजलनं दुसऱ्या हातानं कॅसलिंग केलं.

नंतर चैताली हरत गेली, हळूहळू.

बाहेर पप्पा उभे होते, अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आलेले. "काय गं?" "हरले." "असू दे. चल, मिसळ खाऊ." तेवढ्यात आतून कुणीतरी ओरडलं, चांदवडची मुलगी हरली! म्हणजे चैताली जिंकली असती तर तीच जाणार होती. सर म्हणाले, "अरेरे, नशीब." बस, एवढंच.

विहारात तेजलचा सत्कार झाला. सरांनी भाषणात क्लासचं नाव घेतलं, स्वतःचं घेतलं, चैतालीचं राहिलं. ती आलीही नव्हती. त्या दिवसापासून ती क्लासलाच आली नाही. पप्पांनी पट माळ्यावर टाकलाय म्हणे, एक प्यादं कमी असलेला.

कारण मी इथं आहे, तेजलच्या कंपासपेटीत. त्या दिवशी मूठ उघडायचं तिच्याकडून राहूनच गेलं. मित्रांनो, डाव संपला की सोंगट्या मोजून ज्याच्या त्याला द्याव्यात, एवढी साधी गोष्ट असते. तेजल रोज संध्याकाळी मला बाहेर काढते, चैतालीच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाते, आणि तिथूनच माघारी फिरते. काल तर दारापर्यंत गेली होती. आतून पप्पांचा आवाज आला, "कोण आहे?" आणि ही पळाली.

आता तुम्ही खरं सांगा. त्या पटावर तिच्या जागी तुम्ही असता, आणि मैत्रिणीचा हात हत्तीवरून मागे आलेला दिसला असता, तर तुम्ही काय केलं असतं?