उजवीकडचं अर्धं पान

मित्रांनो, मी एक जुनी मशीन आहे. जुनी म्हटलं म्हणून लगेच कीव करू नका. माझा दिवा अजून लख्ख लागतो आणि माझं भिंग तुमच्या डोळ्यांपेक्षा तल्लख आहे. केंटकीच्या डोंगरातल्या एका लहानशा वाचनालयात माझा मुक्काम असतो. जुन्या कागदांचे बारीक बारीक फोटो फिल्मच्या रिळांवर साठवलेले असतात. रीळ माझ्यावर चढवायचं, मूठ फिरवायची, की दोनशे वर्षांपूर्वीचं अक्षर पडद्यावर मोठं होऊन उभं राहतं.

कारखान्यातून ट्रकमध्ये आदळत-आपटत मी इथे आले तेव्हा माझा काय थाट होता म्हणून सांगू! आमच्या डोंगरात ज्याला त्याला आपला पूर्वज सरहद्दीच्या लढाईत होता हे सिद्ध करायचं असतं. ओहायो नदीपलीकडे तिथल्या मूळच्या शॉनी जमातीच्या लोकांशी लढाया झाल्या, तेव्हा इथल्या शेतकऱ्यांच्या पलटणी उभ्या राहिल्या. त्यांच्या हजेरीची पानं माझ्या रिळांत आहेत. एखाद्याला नाव सापडलं की माझ्या डोक्यावर प्रेमाने थाप पडायची.

मग कॉम्प्युटर आला आणि मला जिन्याखाली ढकललं. माझ्या डोक्यावर नाताळच्या माळांचं खोकं ठेवलं. वाईट वाटलं. का नाही वाटणार? पण मला खात्री होती, कधीतरी माझी गरज पडणारच.

ती पडली व्हर्डी प्रूइटबाईंमुळे. ऐंशी ओलांडलेल्या, काठी टेकत येणाऱ्या, तोंडाने मात्र एकदम खणखणीत. आमच्याकडे मे महिन्यात एका रविवारी सगळी घराणी टेकडीवरच्या दफनभूमीत जमतात. थडगी झाडतात, फुलं वाहतात, आपापल्या माणसांपाशी घरचं जेवण मांडतात. तेव्हा लढाईवर गेलेल्यांची नावं मोठ्याने वाचली जातात. व्हर्डीबाईंचे पूर्वज हायरमबाबा, त्यांचं नाव आजवर कधीच वाचलं गेलं नव्हतं. त्यांच्या डोक्याशी अक्षर नसलेला एक ओबडधोबड दगड, बस्स.

"डेल्मर, तो दगड कुणाचा हे सांगणारी मी शेवटचीच," त्या म्हणाल्या. "मी गेले की कुणी ढुंकून बघणार नाही. या रविवारी त्यांचं नाव ऐकल्याशिवाय मला मरायचं नाही."

डेल्मर हॅचर म्हणजे आमचे ग्रंथपाल. टेकडीवर नावं वाचण्याचा मान त्यांचाच. त्यांच्या खुर्चीमागे त्यांचे पूर्वज जोनासबाबा यांच्या हजेरीची प्रत चौकटीत टांगलेली. ती माझ्याच पडद्यावरून काढली होती, बरं का!

"मावशी, कॉम्प्युटरमध्ये सगळी नावं आहेत. तुमच्या बाबांचं नाही," ते हसले. "आमचे जोनासबाबा लढत होते तेव्हा तुमचे बाबा खारी मारत बसले असतील!"

"खारी मारणाऱ्याचा नेम तरी चांगला असतो. तुझ्या बाबांचा कसा होता, कुणाला ठाऊक! ते जुनं धूड बाहेर काढ. मी स्वतः बघते."

जुनं धूड! असो, कुणीतरी आठवण तर काढली. खोकं उतरलं, धूळ पुसली, दिवा लागला. मला इतका आनंद झाला की पंखा घरघरायलाच लागला.

आता माझी एक खोड सांगते. अक्षर वाचण्याइतकं मोठं केलं की माझ्या पडद्यावर अर्धंच पान मावतं. नावं डावीकडे असतात. आमच्या लोकांना आपलं नाव दिसलं, की ते जागच्या जागी उड्या मारतात, प्रत काढतात आणि घरी जातात. उजवीकडे शेरे असतात, तिकडे कोण बघतो? कॉम्प्युटरमध्ये नावं भरणाऱ्यांनीही तेच केलं होतं.

व्हर्डीबाईंना डावीकडे काही सापडेना. मग हट्टाने त्या प्रत्येक पान उजवीकडे सरकवून शेरे वाचायला लागल्या. जोनास हॅचरच्या ओळीपाशी त्यांचं बोट थांबलं. डेल्मर खांद्यावरून वाकून वाचू लागले. 'बायको बाळंतपणाला टेकलेली. याच्या जागी शेजारी हायरम प्रूइट गेला.'

डेल्मरांचा चेहरा पडला. त्यांचा हात माझ्या मुठीकडे आला. मला वाटलं, आता पान पुढे फिरवून टाकणार. पण मूठ तशीच राहिली.

"त्या बाळंतपणातलं पोर म्हणजेच आमच्या घराण्याचा मूळपुरुष," ते हळूच म्हणाले. "मावशी, तुमचे बाबा गेले म्हणून मी आज इथे आहे. आणि दरवर्षी मी छाती काढून भलतंच नाव वाचत आलो. या रविवारी यादीतून जोनासचं नाव काढून टाकतो, हायरमचं घालतो."

व्हर्डीबाई रडत होत्या, तरी त्यांनी दटावलंच. "जोनासचं काढू नकोस रे. बाईजवळ कुणीतरी थांबायलाच हवं होतं. दोघांची नावं वाच, आणि कोण गेला, कोण थांबला, तेही सांग."

"आणि समोरून लढलेल्या शॉनींची नावं?" डेल्मरांनी विचारलं.

"ती तुझ्या रिळांत नाहीत. नाहीत, एवढं तरी मोठ्याने म्हण."

मित्रांनो, मी टेकडीवर जाऊ शकत नाही. पण रविवारी दुपारी वाऱ्यावर डेल्मरांचा आवाज खिडकीतून आत आला. हायरम प्रूइट हे नाव त्यांनी दोनदा घेतलं. दुसऱ्यांदा आणखी मोठ्याने.

म्हणून एवढंच मागते. माझा दिवा गेला तर नवा बसवा, काच मऊ फडक्याने पुसा, रीळ ओढू नका. आणि आपल्या माणसाचं नाव सापडलं म्हणून लगेच उठू नका. पान उजवीकडे सरकवा. तिथे कदाचित शेजाऱ्याचं नाव असेल.